आत्याचं ब्रह्मकमळ

ब्रह्मकमळाच्या फांद्या खाली लोंबत होत्या, हात लावला की ओल्या पापडासारख्या वाकत होत्या. कुंडीतली माती मात्र इतकी ओली होती की बोट खुपसून बाहेर काढल्यावर खड्ड्यात पाणी साचलं. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की निदानाला फार विद्वत्ता लागत नाही. माती कोरडी आणि झाड मलूल असेल तर त्याला तहान लागलेली असते. माती ओली असूनही झाड मलूल असेल, तर पाणी पिणारी मुळंच उरलेली नसतात. आत्या फक्त फांद्या बघत होती. सुकलेल्या दिसल्या की तांब्याभर पाणी, दुसऱ्या दिवशी आणखी सुकलेल्या दिसल्या की दोन तांबे.

"रोज घालत्ये गं पाणी. एक दिवस चुकवलेला नाही," ती म्हणाली. तक्रार अर्थातच झाडाबद्दल होती.

हे झाड तिच्या गिरगावच्या संसाराइतकं जुनं. शेजारच्या बिऱ्हाडातून मिळालेलं एक पान तिनं ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात खोचलं होतं. डब्याला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत थोडी माती आणि बरेचसे विटांचे तुकडे, कारण चाळीत माती आणणार कुठून? गॅलरीच्या कोपऱ्यात, कठड्याच्या आतल्या बाजूला तो डबा वर्षानुवर्षं पडून असायचा आणि पावसाळ्यापर्यंत त्याची कुणी फारशी चौकशी करत नसे. कळ्या धरल्या की मात्र मजलाभर बातमी जायची. फूल उमलायच्या रात्री गॅलरीत खुर्च्या यायच्या, कुणी हळदकुंकू घेऊन यायचं, कुणी कॅमेरा. अकराच्या सुमाराला फूल पूर्ण उघडलेलं असायचं, वास जिन्यापर्यंत. उजाडेपर्यंत सगळा कारभार आटोपून फूल मान टाकायचं. शाळेच्या सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलेली मी हे जागून पाहिलेलं आहे. खरं सांगायचं तर फुलापेक्षा त्या निमित्तानं मिळणाऱ्या मसाला दुधाचं मला जास्त आकर्षण होतं.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. नवी इमारत उभी राहीपर्यंत आत्या आणि काका कांदिवलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, बऱ्याच वरच्या मजल्यावर. घर छान, लिफ्ट चालू, पाणी चोवीस तास. पण गॅलरी नाही. खिडक्यांना सरकत्या काचा, काचांना गडद फिल्म. सामान हलवताना तो गंजका डबा फुटला म्हणून सूनबाईनं हौसेनं नवी कुंडी आणली. पांढरी, चकचकीत, टीव्हीशेजारी शोभणारी आणि बुडाला एकही भोक नसलेली. रिकाम्या जागेत नर्सरीतली लाल माती ठासून भरली. म्हणजे झाडाचा उजेड बदलला, वारा बदलला, माती बदलली, भोकं गेली. पाणी घालायची सवय तेवढी तीच राहिली.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा काका मधे पडले. "अगं, सव्वीस जुलैच्या पावसातून वाचलेलं झाड आहे ते. तांब्याभर पाण्यानं काय होतंय?" २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे खरं, पण गिरगावाजवळच्या कुलाब्याच्या वेधशाळेत शंभर मिलिमीटरचीही नोंद झालेली नव्हती. गिरगावातल्या झाडाला त्या दिवशी फारसं काही सोसावं लागलं नसणार. पण काकांशी पावसावरून वाद घालू नये हे मला माहीत आहे. शिवाय त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दर पावसाळ्यात ते झाड आठवडेच्या आठवडे भिजत होतंच की. फरक इतकाच की डब्याच्या भोकांतून पाणी पडेल तसं निघून जात होतं, विटांच्या फटींत हवा खेळत होती आणि चौपाटीकडचा वारा उरलेली ओल सुकवत होता. मुळांना श्वासाला हवा लागते. मातीतल्या सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, आणि मग अशा ओलीत वाढणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरासारख्या जंतूंना आयतं जेवण मिळतं.

त्यातून ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातलं. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथल्या जंगलात ते झाडांच्या बेचक्यांत, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून राहतं. आतेभावानं मोबाईलवर वाचलं की ब्रह्मकमळ हिमालयात उगवतं, म्हणून मधे काही दिवस त्यानं ते एसीच्या खोलीत नेऊन ठेवलं. हिमालयातलं ते निराळं, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. आपल्या गॅलरीतल्या झाडाशी त्याचं दूरचंही नातं नाही. पण त्या एसीनं फारसं बिघडलं नसावं. खरं नुकसान केलं ते औषधांनी. चहाचा चोथा, तोही दूधसाखरेसकट. ताकाचं पाणी. केळ्याच्या सालींचं पाणी. खालच्या माळ्यानं दिलेली मूठभर युरियाची पांढरी दाणेदार पूड. मुळं नसलेल्या झाडाला यातलं काहीही घेता येत नाही. खतातले क्षार उरलीसुरली मुळं भाजतात, आणि चोथ्यावर बुरशी व चिलटं पोसली जातात. कुंडीला धक्का लागला की चिलटांचा एक ढग उठत होता. सूनबाई त्याला कंटाळली होती आणि झाड टाकून द्यायच्या बाजूनं होती. मीही एकदा फांद्यांकडे बघितलं आणि म्हटलं, द्या इकडे.

कांदिवली ते मुलुंड ही वरात रिक्षातून, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या खड्ड्यांतून निघाली. लोकलनं दादरला गाडी बदलून एवढी कुंडी आणणं पावसाळ्यात कुणाच्यानं होत नाही.

घरी आल्यावर बाथरूममध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि कुंडी आडवी केली. लाल माती एकसंध ढेकळासारखी बाहेर आली आणि मागोमाग गटाराचा वास. खालचा चार बोटं थर काळाकरडा झाला होता. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं, दाबलं तर घट्ट लागतं. ही मुळं चिमटीत धरून ओढली की वरची साल निसटून हातात येत होती आणि मधला दोरा तेवढा लटकत राहत होता. सडलेलं मूळ ओळखायची याहून सोपी खूण नाही. नळाखाली धरून सगळी माती धुतली. मध्यभागी मात्र जुन्या डब्यातल्या विटांचा मूळचा गोळा अजून तसाच होता आणि त्याला चिकटलेली थोडी मुळं जिवंत होती. म्हणजे नव्या मातीतलं सगळं गेलं होतं आणि राहिलं होतं ते त्या जुन्या विटांच्या तुकड्यांमधलं.

माझा पहिला विचार ही मुळं वाचवायचा होता. पण फांद्यांचे बुंधे बघितले आणि तो सोडला. बुंध्याशी बोट दाबलं की आत जात होतं. सड मुळांतून खोडात चढली की मुळांशी खेळत बसण्यात अर्थ नसतो, सडीच्या वर जे शाबूत आहे ते कापून वेगळं करायचं. ब्रह्मकमळाच्या बाबतीत हे जमण्यासारखं असतं, कारण आपण ज्याला पान म्हणतो ती चपटी झालेली फांदीच असते. तिच्या कडेच्या प्रत्येक खाचेत डोळा असतो, त्यातून नवी फांदीही फुटते आणि कळीही.

कटरचं पातं स्पिरिटनं पुसलं आणि कापायला घेतलं. पहिला काप सडीच्या जरा वर. कापलेल्या तोंडाकडे नीट बघायचं. मधली शीर हिरवी-पांढरी दिसली तर थांबायचं. तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली की सड तिथवर पोचलेली आहे असं समजायचं, पातं परत पुसायचं आणि आणखी वर कापायचं. पातं पुसायचा कंटाळा केला तर आपणच रोग वर नेतो. इथं हात आखडून चालत नाही. बाहेरून तजेलदार दिसणारी एक लांबच लांब फांदी आतून जवळजवळ शेंड्यापर्यंत तपकिरी निघाली. ती सगळी गेली. आत्याचा नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल आला.

"अगं बाई! सगळंच कापलंस की!"

"सगळं नाही गं. सडकं तेवढं."

"मग राहिलं काय?"

राहिले होते ते वीतभर, दीड वीत लांबीचे काही तुकडे. काही जाड आणि जुने, एक-दोन कोवळे. एका तुकड्याच्या मधल्या शिरेवर हवेत फुटलेली बारीक मुळं होती, त्याच्यावर माझी सगळी भिस्त. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला पेननं खूण केली, कारण तुकडे एकदा खाली ठेवले की वर कुठलं आणि खाली कुठलं हे सांगता येत नाही आणि उलटा खोचलेला तुकडा नुसता बसून राहतो. कापांना हळद चोपडली. दालचिनीची पूडही लावतात. पण हळद असो की दालचिनी, खरं काम कोरडेपणा करतो. कापलेल्या तोंडावर खपली धरल्याशिवाय तुकडा मातीत गेला तर तो तिथूनच परत सडतो.

आता कोरड्या हवेच्या गावात खपली चार-पाच दिवसांत धरते. जुलैतल्या मुंबईत चादर दोरीवर दोन दिवस ओली राहते, तिथं खपली काय धरणार! तुकडे वर्तमानपत्रावर, वर्तमानपत्र कपाटावर आणि पंखा दिवसरात्र चालू, असा बंदोबस्त केला. विजेच्या बिलाचा विषय घरात निघाला, तो मी ऐकला नाही. तुकडे सुरकुतायला लागले, कडा आत वळल्या. दर दोन दिवसांनी आत्याला फोटो पाठवायचा, आणि दर वेळी तिचं उत्तर एकच. "थोडं पाणी शिंपड ना." सुरकुतलेला तुकडा वाईट दिसतो, पण तो स्वतःत साठवलेल्या पाण्यावर जगत असतो. मऊ पडलेला, पाणचट झालेला तुकडा मात्र त्याच दिवशी फेकायचा. तसा एक निघाला, फेकला. बाकीच्यांच्या तोंडावर पंधरवड्याच्या आसपास कोरडी, फिकट, खरखरीत खपली आली.

तोवर मी मिश्रणाच्या मागे होते. मुंबईच्या नर्सऱ्यांतून मिळणारी लाल माती जास्वंदीला, तगरीला शेणखत घालून चालते. ब्रह्मकमळाला ती एकटी नको. वाळली की ती दगड होते आणि भिजली की चिखल. मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतलं, ते भिजवून घट्ट पिळून. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. सोसायटीच्या मागे भिंतीचं काम चालू होतं, तिथून विटांचे तुकडे आणले, सिमेंट चिकटलेले बाजूला काढले, कारण सिमेंटमधला चुना कुंडीत उतरतो. कोळसा खालच्या इस्त्रीवाल्याकडून. त्यानं आधी मला राखच बांधून दिली होती, "झाडाला राख चांगली" असं म्हणून. राख अल्कधर्मी असते, निवडुंगाला तिची गरज नाही. कोळशाचे तुकडे हवेत हे पटवायला जरा वेळ लागला आणि पैसे तर त्यानं घेतलेच नाहीत. या सगळ्यात दोन मुठी गांडूळखत. हे मिश्रण मुठीत दाबून सोडलं की गोळा न राहता सुटलं पाहिजे. सुटलं. आत्याच्या डब्यातून वाचलेले ते जुने विटांचे तुकडेही धुवून, दोन दिवस उन्हाची वाट बघून आणि शेवटी तव्यावर भाजून त्यातच टाकले.

कुंड्या लहान घेतल्या, मातीच्या. मोठ्या कुंडीत मुळं नसलेल्या जागेतली ओल सुकत नाही, आणि ब्रह्मकमळाला तसंही जरा दाटीवाटीत राहायला आवडतं. मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते. तुकडे दोन-तीन बोटं खोल खोचले, काठीला सैलसर बांधले. खाली ताटल्या ठेवल्या नाहीत. पावसाळ्यात ताटलीत साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांची सोय, आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरात डोकावतात ती आधी कुंड्यांखालीच. जागा दिली पूर्वेच्या खिडकीची, ग्रिलच्या आत. सकाळचं कोवळं ऊन, तेही ढग असतील तसं, आणि वरच्या पत्र्यामुळे थेट पाऊस नाही.

आणि मग पाणी घातलं नाही.

या काळात माणसाला काहीतरी करावंसं फार वाटतं. मिश्रण मुळात दमट होतं, त्यावरच त्यांना ठेवलं. देवापाशी उरलेली उदबत्तीची काडी धुवून कुंडीत बुडापर्यंत खुपसून ठेवायची, काढली की रंग बघायचा. गडद, ओलसर निघाली तर हात मागे. कोरडी निघाली तर अर्धी वाटी पाणी, कडेकडेनं. हळूहळू नुसती कुंडी उचलूनही अंदाज यायला लागला. मुलगा अधूनमधून तुकडे हलवून "घट्ट झालं का" बघायचा, त्याला दम द्यावा लागला. नव्या मुळाची टोकं केसाइतकी नाजूक असतात, एका हिसक्यात तुटतात. आत्याचा फोन तर ठरलेला.

"काय म्हणतंय?"

"काही म्हणत नाहीये."

"म्हणजे बरं की वाईट?"

"मेलं नाहीये, म्हणजे बरं."

गणपती येऊन गेले तेव्हा तो हवेत मुळं फुटलेला तुकडा जागचा हलेना. दोन बोटांनी अलगद वर उचलून पाहिला तर कुंडी त्याच्याबरोबर यायला लागली. त्याच्या सुरकुत्याही भरून आल्या होत्या, कडा परत ताठ. जाड, जुन्या तुकड्यांनी मागोमाग मुळं धरली. कोवळे जे होते ते खपले. त्यांच्यात साठाच नव्हता. नवरात्राच्या सुमारास बुंध्यापासून तांबूस, गोल, पेन्सिलीहून बारीक असा एक कोंब सरळ वर निघाला. आत्याला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, "हे आपलंच आहे ना? तण नाही ना?" ब्रह्मकमळाचे नवे कोंब सुरुवातीला असेच काठीसारखे येतात, चपटे नंतर होतात, हे इतकी वर्षं झाड सांभाळून तिच्या लक्षात आलं नव्हतं. याचं मला जरा आश्चर्य वाटलं. पण गॅलरीतल्या झाडाकडे इतकं बारकाईनं बघायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीतल्या फांद्या तांबूस-पिवळ्या पडायला लागल्या म्हणून कुंड्या वीतभर आत सरकवल्या. थंडीत, म्हणजे मुंबईत जे काही पडतं त्यात, पाणी आणखी कमी केलं. खत पहिल्यांदा दिलं ते फेब्रुवारी उलटल्यावर, चमचाभर गांडूळखत, बस. झाडाची वाढ दिसायला लागल्यावरच खत, हा माझा नियम आहे, आणि त्याबाबत मी नर्सरीवाल्यांचंही ऐकत नाही. पुढ्यात आजारी झाड ठेवलं की त्यांचा हात पहिल्यांदा खताच्या पाकिटाकडे जातो.

जूनमध्ये एका जुन्या फांदीच्या खाचेत कळी दिसली. मी आत्याला कळवलं, तिनं सगळ्या चाळकऱ्यांना कळवलं. आता ते विरारपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेले, पण ग्रुपवर सगळे एकाच मजल्यावर असल्यासारखे जागे झाले. आणि त्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या गळतीचं काम निघालं. खिडकीबाहेर बांबूची परांची चढली, तिच्यावर हिरवी जाळी, आणि खिडकीत भरदुपारी संध्याकाळ. कळी धरल्यावर या झाडाला उजेडातला बदल सहन होत नाही. जागा बदलणंही नाही. कुंडी दुसऱ्या खिडकीत हलवावी तरी पंचाईत, न हलवावी तरी पंचाईत. मी हलवली नाही. कळी बोटभर होऊन पिवळी पडली आणि गळाली. ग्रुपवर हळहळ, रडक्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी नजर लागल्याचं निदान केलं. सोसायटीच्या कंत्राटदाराची नजर असेल तर मला ते मान्य आहे.

परांची उतरल्यावर ऑगस्टमध्ये दुसऱ्या कुंडीतल्या फांदीवर दोन कळ्या आल्या. त्या टिकल्या. देठ लांबत गेला, मान वर वळली, दिवसभरात फुगली, आणि रात्री नऊनंतर पाकळ्या सुटायला लागल्या. आत्या दुपारीच येऊन बसली होती, रात्री राहायच्या तयारीनं, पिशवीत हळदकुंकू आणि मसाला दुधाचा मसाला. फुलाला हळदकुंकू वाहून झाल्यावर तिनं शेजारची तिसरी कुंडी उचलून वजन बघितलं आणि म्हणाली, "फारच हलकी आहे गं. पाणी घालू का थोडं?"

"आधी काडी बघ."

तिनं काडी काढली. ओली होती. जराशी हिरमुसून तिनं ती परत खोचली.

चाळीच्या जागेवरच्या इमारतीचा ताबा मिळाला की एक कुंडी तिच्याकडे जाईल. नव्या घराला लहानशी का होईना बाल्कनी आहे, पश्चिमेची. तिथं दुपारनंतरचं ऊन अडवायला जाळी लावावी लागेल. कुंडी मातीची, भोकाची, आणि तिच्या हँडलला मी उदबत्तीची काडी दोऱ्यानं बांधून देणार आहे. सूनबाईला पाणी घालायची जबाबदारी देऊन बघितली, तर आत्या म्हणाली, "मी काय मेले की काय?" त्यामुळे ती आशा नाही. बाकीच्या कुंड्या मात्र माझ्याकडेच राहतील, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.